पन्नास इंचांच्या आत

३ मार्च

धाकटीला,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस असं धरून चालते. फोन केला की तू पहिल्याच घंटेला कापतेस, म्हणून पत्र. घाबरू नकोस, रडगाणं नाही. कामाचं पत्र आहे. मला लेथवर चार चकत्या कापून हव्या आहेत, आणि मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते आहे.

मी क्वाड घेतली आहे. हो, मीच. चव्वेचाळिसाव्या वर्षी. हसून झालं की पुढे वाच.

क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची, हँडलची गाडी, घोड्यावर मांड टाकावी तशी बसायची. माझ्या दुकानात दोन वर्षं झाली, मातीच्या ट्रॅकवर शर्यती खेळणाऱ्यांच्या पँट दुरुस्तीला येतात. जाड कापड, गुडघ्याला चामडं, माझ्या सुया मोडायच्या. माझ्या लक्षात आलं की क्वाडवाल्यांच्या सगळ्या पँट डाव्या गुडघ्यावरच फाटलेल्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "काकू, ट्रॅकवर उजवीकडची वळणं फार आवळ आहेत. तिथे गाडी डावीकडे कलंडते, आणि आम्ही तिच्याबरोबर." मला ते बघायचंच होतं. शिवलेल्या पँटचा गठ्ठा द्यायला म्हणून गेले, आणि तिनं मला "बसून तर बघा" म्हणून गाडीवर बसवलं. एक फेरी मारली. एकच! उतरले तेव्हा तोंड मिटत नव्हतं. आमचे हे शाळेची बस सोडून मला न्यायला आले होते, त्यांना वाटलं मला झटका आला.

महिन्याभरात रोपवाटिकावाल्याची जुनी क्वाड घरी आली. तो तिला कुंड्यांची गाडी जोडायचा. त्याच्या सगळ्या कामगारांचे गणवेश शिवून द्यायच्या बोलीवर त्यानं ती मला दिली. इंजीन ठणठणीत. पण अंगानं अरुंद, आणि उंचीला जास्त. बाहेरून बाहेर मापली तर त्रेचाळीस इंच. वळणावर आतली दोन्ही चाकं हवेत जातात. एकदोनदा किंचित कलंडली, काही विशेष नाही.

तिला रुंद करायचं आहे. शर्यतवाले चाकं धरणारे लांब आर्म आणि लांब अॅक्सल घालतात, पण ते गाडीपेक्षा महाग. स्वस्तातला उपाय असा की पुढच्या रिमा उलट्या बसवायच्या, म्हणजे वाटी बाहेर येते आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच फुकटात मिळतो. आणि चारही चाकांच्या मागे अॅल्युमिनियमच्या जाड चकत्या, ज्यांना ते स्पेसर म्हणतात. क्लबात नवशिक्यांचा वेगळा गट आहे. नियम दोनच: इंजीन मूळचं हवं, आणि रुंदी पन्नास इंचांच्या आत. एकवीस एप्रिलला शर्यत आहे आणि मी नाव दिलं आहे.

सोबत कटिंगच्या तपकिरी कागदावर चकतीचा नकाशा काढून पाठवते. जाडी, गोलाई, भोकं, सगळं लिहिलंय. माझ्या ओळखीत लेथवर काम करणारी तू एकटीच, म्हणून तुला.

— तुझी बहीण


१६ मार्च

प्रिय पाव इंच,

बाबांनी ठेवलेलं नाव आहे, त्यामुळे मला वापरायला बंदी नाही.

तुझं पाकीट आलं! टपालवाल्याच्या हातातून मी ते अक्षरशः ओढून घेतलं, तो बिचारा दचकला. आत माझाच कागद, वर तुझी लाल पेन्सिल. एक शब्द नाही, 'कशी आहेस' नाही, नुसती प्रश्नचिन्हं आणि बाण. पण केवढी प्रश्नचिन्हं! मोजली, सतरा. मी कोऱ्या कागदाची तयारी ठेवली होती, किंवा काहीच न येण्याची. सतरा प्रश्नचिन्हं म्हणजे मला मेजवानीच.

उत्तरं देते. चाक ज्यावर बसतं त्या हबचा मधला उंचवटा व्हर्नियरनं मापून आणलाय, आकडा कागदावर दुरुस्त केलाय. व्हर्नियर शेजारच्या घड्याळजींचा. मी पट्टीनं मापला होता, तुझ्या लाल रेघेवरूनच कळलं की तू कपाळाला हात लावला असणार. नट बसतात त्या समोरासमोरच्या दोन स्टडमधलं अंतर चार वेळा मापलं. गाडी चालवताना हबच्या उंचवट्यावर चकती घट्ट बसली पाहिजे, नुसती स्टडवर लोंबता कामा नये, हे तुझ्या बाणांतून समजलं.

आता खरं सांगते, कारण तुझा अकरावा बाण बरोबर दुखऱ्या जागी, चकतीच्या मधल्या भोकावर लागला. तू एकटी ओळखीची म्हणून तुला लिहिलं, हे खोटं. आधी दोघांकडे जाऊन आले. पहिला हसला. दुसऱ्यानं, आमच्या कोपऱ्यावरच्यानं, भंगारातल्या कुठल्याशा मऊ गोळ्यातून चकत्या कापून दिल्या, मधलं भोक सैल. मी आवळल्या आणि निघाले. तिसऱ्या वळणावर मागचं चाक माझ्या पुढे निघून गेलं. हसू नकोस. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात विचार, हे कुणाचं चाक? मग जमीन आली. खांदा मुरगळला, पंधरा दिवस कात्री डाव्या हातात धरली. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला एक बाही लांब झाली. म्हणून तुझ्याकडे आले. म्हणजे बहीण म्हणून नाही, आधी ते. भीती वाटली म्हणून.

आणि तो बारावा बाण, नटाच्या भोकापाशी, दोनदा अधोरेखित केलेला, मला दोन दिवस कळेना. मग रिम मांडीवर घेऊन बसले आणि बोट फिरवलं. रिमच्या भोकाला एका बाजूनं उतार आहे, नट त्या उतारात रुतून बसतो. मी रिम उलटी केली, तर उतार गेला आत, आणि नट सपाट पत्र्यावर! म्हणजे मी एवढे दिवस उलट्या रिमा नुसत्या देवावर हवाला ठेवून आवळत होते. तुला लांबून, कागदावरून ते दिसलं. मला मांडीवर घेऊन दिसलं नव्हतं.

रिमचा नीट नकाशा पाठवते. यावर काय करायचं ते तूच ठरव.

— तुझी बहीण


३ एप्रिल

प्रिय पाव इंच,

आल्या! चार चकत्या, चमकणाऱ्या, कागदात वेगवेगळ्या गुंडाळलेल्या, आणि शिवाय मी न मागितलेल्या आठ बारीक कड्या. एका अंगानं उतार असलेल्या. पहिल्यांदा वाटलं चुकून आल्या. मग एक कडी उलट्या रिमच्या भोकात ठेवली, वरून नट घातला, आणि तो असा गप्प जाऊन बसला की मी एकटीच मोठ्यानं ओरडले. दुकानात माप द्यायला आलेला माणूस टेपसकट उडाला.

आणि तुझं चित्र! चार नटांवर एक, तीन, दोन, चार असे आकडे, म्हणजे समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायचे. खाली घड्याळाचं चित्र, काटा दहा मिनिटांवर, आणि शेजारी पाना. म्हणजे दहा मिनिटं चालवून पुन्हा आवळायचं. शब्द अजूनही नाही. तू एक शब्द वाचवण्यासाठी अख्खं घड्याळ काढलंस. हट्टीपणात तू बाबांच्याही पुढे आहेस.

सगळं तुझ्या चित्राप्रमाणे केलं. आमचे हे पाना धरून, मी आकडे म्हणत. दहा मिनिटांनी खरंच दोन नट पाव वळसा आणखी फिरले. मग टेप लावली. पुढून एकोणपन्नास इंच सहा सूत. पन्नासला दोन सूत कमी! मी ह्यांना टेपचं दुसरं टोक धरायला लावून तीनदा मापलं. मागून सत्तेचाळीसला दोन सूत कमी.

आणि आता चालते कशी ते ऐक. त्या उजव्या वळणावर मी आधी जीव मुठीत धरून, जवळजवळ थांबून जायचे. काल दुसऱ्या गिअरमध्ये गेले. आतली चाकं जमिनीवर! मागचा भाग थोडा बाहेर सरकला, माती उडाली, आणि गाडी तिच्या पायांवर उभी. मी वळण संपल्यावर मागे वळून बघितलं, खरंच मीच आले का इकडून? तीच गाडी, तोच रस्ता, आणि मी पुन्हा पुन्हा त्याच वळणावर जाऊन आले, एकवीस वेळा. हे कुंपणाशी बसून डबा खात होते, शेवटी म्हणाले, "सरळ रस्ता पण आहे त्या ट्रॅकला."

तिथे सगळे हेच म्हणतात, ह्या वयात हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही. चांगल्या मनानं म्हणतात. ऐकलं की मी तिथून काढता पाय घेते, आणि त्याचं कारण तुला माहीत आहे.

ते वाक्य माझं आहे. बाबांचे हात थरथरायला लागले, पंपवाले कारखानदार विचारायला आले की आता लेथ कोण चालवणार, आणि बाबा काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हिच्याच्यानं व्हायचं नाही. मशीन विकून टाका." तू तिथेच उभी होतीस, हातात ब्रश, केसांत लोखंडाचा किस. कारखानदार आपलं काम काढून घेऊन गेले. बाबा मला काही बोलले नाहीत. तूही नाहीस, त्या दिवसापासून.

मी तुझ्या काळजीपोटी बोलले होते. पाच वर्षं तू एकटीनं ते मशीन चालवलंस, कारखानदार परत आले असं ऐकलं. मी चुकले. हे लिहायला मला पाच वर्षं आणि आठ कड्या लागल्या.

— तुझी बहीण


२१ एप्रिल

पाव इंच, पाव इंच, पाव इंच!

अंगावरची माती न धुता लिहिते आहे, कागद मळला तर माफ कर. मी पडले नाही! आधी हे लिहून टाकते. मी पडले नाही, आणि मी शेवटचीही आले नाही. बारा गाड्यांत आठवी!

नवशिक्यांच्या गटात पाच फेऱ्या. बाकीचे सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, एक दंतवैद्य सोडला तर. सुरुवातीच्या दांडीमागे उभी राहिले तेव्हा मी मनात कशाचं गणित करत असेन? शाळेच्या गणवेशांना बटणं किती लागतील. तेवढ्यात दांडी पडली. सगळे गेले. मी बघतच राहिले, मग आठवलं की मलाही जायचं आहे.

पहिली फेरी मी बाराव्या नंबरवर, धुळीत काही दिसेना, तोंडात माती. पहिलं उजवं वळण आलं आणि दंतवैद्य आडवा. त्याची गाडी मूळ रुंदीची. तो उठून हात हलवत होता म्हणून मी थांबले नाही, नाहीतर मी थांबले असते, खरंच सांगते. दुसऱ्या फेरीत एक टेकाड आहे, तिथे गाडी हवेत जाते. माझी फार काही गेली नाही, एखादी वीत. पण खाली आली ती चारही चाकांवर, धप्प, आणि सरळ! मी हेल्मेटच्या आत ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, घसा मात्र बसलाय.

भोंग्यावर बोलणारा मला "शिंपीणकाकू" म्हणायला लागला. "शिंपीणकाकू दहाव्या! शिंपीणकाकू आतून काढतायत!" ज्यांच्या पँट मी शिवल्यात ते सगळे कुंपणावर चढलेले. चौथ्या फेरीत उजव्या वळणावर पुढे दोघीजणी एकमेकींत अडकल्या, मी बुडाचा सगळा भार आतल्या बाजूला टाकला, ढुंगण जवळजवळ चाकावर, आणि दोघींना वळसा घालून बाहेर! आठवी! शेवटच्या फेरीत कुणी मागे टाकू नये म्हणून हँडल एवढं आवळून धरलं की आता बोटांनी पेन धरवत नाही. झेंडा पडला आणि मी पुढे चालवतच राहिले, शेवटी एकानं पळत येऊन चावी फिरवली.

ह्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही, पण केला. आणि त्यांचे डोळे भरले होते, धूळ गेली म्हणाले.

तपासणीत जरा गडबड झाली. नियमाचं काहीतरी, पुढच्या दोन चकत्या काढून ठेवाव्या लागल्या. मागच्या राहिल्या, उलट्या रिमा राहिल्या, त्या कड्या राहिल्या. तेवढ्यावर जमलं. ते असो.

आठवी!

— तुझी बहीण


२४ एप्रिल

प्रिय पाव इंच,

"ते असो" असं लिहिलं, पण ते मला असू देईना. तीन दिवस शिवणयंत्रावर बसते आणि टाका चुकतो. तिथे तू नव्हतीस, कुणी तुला सांगणारही नाही. म्हणून मलाच सांगायला हवं.

तपासणी करणारी बाई पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला. तिनं मला गाडीवर बसायला सांगितलं, टेप लावली आणि म्हणाली, "पन्नास आणि दोन सूत. बाहेर."

मी म्हटलं, "शक्यच नाही. मी स्वतः मापलंय, एकोणपन्नास सहा सूत."

"कसं मापलंत?"

ती काय विचारते आहे तिकडे माझं लक्षच नव्हतं. सात आठवड्यांची तयारी, अंगावर नंबर शिवलेला, कुंपणावर गिऱ्हाइकं. माझ्या तोंडातून काय निघालं ते जसंच्या तसं लिहिते. "चकत्या जाड कापल्या गेल्या असतील. माझ्या बहिणीनं केल्यात. तिला एवढं बारीक काम कुठलं जमायला."

पुन्हा. पाच वर्षांनी, परक्या माणसासमोर, ह्यांच्यासमोर, पुन्हा तेच. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं, पण शब्द निघून गेला होता.

त्या बाईनं ह्यांना पुढची दोन्ही चाकं काढायला लावली, चकती हातात घेतली, खिशातून व्हर्नियर काढला. दोन्ही चकत्या, चार-चार ठिकाणी मापल्या. मग चष्मा वर केला. "एक इंच सात सूत. सगळीकडे. केसाचा फरक नाही. कुणी कापल्यात म्हणालात?"

"बहिणीनं," मी म्हटलं.

"तिला माझा नमस्कार सांगा." चाकं परत लावून झाल्यावर ती मला म्हणाली, "आता उठा गाडीवरून. बाजूला उभ्या राहा." तिनं टेप लावली. एकोणपन्नास सहा सूत. "आता बसा." मी बसले. गाडी माझ्या भारानं खाली दबली, पुढची चाकं बाहेर पसरली, टेप माझ्या डोळ्यांदेखत सरकली. पन्नास दोन सूत. "शर्यतीत गाडीवर माणूस असतो ना?" ती म्हणाली.

अगं, मी! मी कोण? वीस वर्षं मी दुकानात हेच करते. पँटचं माप उभ्यानं घेतलं की गिऱ्हाइकाला स्टूल देते आणि म्हणते, आता बसा, बसल्यावर माणूस पसरतो. लाजतात, तरी बसवते. न बसवता मी आजवर एक पँट कापलेली नाही. आणि माझी स्वतःची गाडी मात्र मी रिकामीच मापली, तीनदा! तुझ्या कामात कणाची चूक नव्हती. तू मी दिलेल्या मापाबरहुकूम कापलंस. चूक माझ्या टेपची, आणि दोष मी तुझ्यावर टाकला, क्षणाचाही विचार न करता, अगदी सवयीनं.

त्या सवयीनंच मला घाबरवलं. म्हणून आणखी एक सांगून टाकते. मागे लिहिलं की ते वाक्य तुझ्या काळजीपोटी बोलले. तेही खरं नाही. काळजी नव्हती. मी जळत होते. बाबांनी तुला लेथवर घेतलं आणि मला शिवणाच्या वर्गाला घातलं. मी थोरली, तरी तू त्यांच्या शेजारी उभी राहायचीस, दोघांच्या चष्म्यांवर तेल, दोघं एकाच वेळी आवाज ऐकून मशीन बंद करायचात, आणि मी डबा घेऊन दारात. कारखानदारांनी विचारलं तेव्हा बाबा तुझं नाव घेणार होते. ते तोंड उघडत होते, मी बघितलं. ते नाव त्यांच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी आधी बोलले. आणि मग जाईपर्यंत त्यांनी ते कधी म्हटलंच नाही. ते मी तुझ्याकडून घेतलं. बाकी सगळं तू परत मिळवलंस, हे कसं मिळवणार?

तर आता मी सांगते, ते सांगणार होते. मी शपथेवर सांगते. ते म्हणणार होते, "ही चालवेल."

यावर प्रश्नचिन्हं पाठवलीस तरी चालतील. काही नाही पाठवलंस तरी मी समजेन. चकत्या मी काढून पुसून कागदात ठेवल्यात, तुला परत हव्या असतील तर पाठवते.

— तुझी बहीण


१३ मे

प्रिय पाव इंच,

एकोणीस दिवस मी टपालवाल्याला छळलं. शेवटी तो लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणायला लागला. आज त्यानं लांबूनच पाकीट उंच धरलं. मी दुकान उघडं टाकून रस्त्यावर धावले, गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान.

आत तुझा मोठा नकाशा. माझ्या गाडीचं पुढचं अंग, जसं समोरून दिसतं तसं, आर्म, स्प्रिंगा, चाकं, दोन वेळा काढलेलं. एकदा रिकामी, एकदा दबलेली. नवीन चकत्यांची जागा आखलेली पण जाडी कोरी. स्प्रिंगांच्या खाली आणखी एक काहीतरी, कडी असावी, बसल्यावर गाडी कमी दबावी म्हणून, तिचीही उंची कोरी. सीटच्या जागी एक रिकामा चौकोन, त्यावरून खाली येणारा लाल बाण. आणि बाणाशेजारी पाच वर्षांनंतर तुझं अक्षर.

"ताई, वजन किती तुझं? खरं सांग."

पहिला शब्द वाचला आणि मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, घड्याळजींच्या पायरीवर बसले. ते बाहेर आले, पाणी विचारलं. मी त्यांना कागद दाखवला. त्यांना त्यात काय कळणार, वजन विचारलंय एवढंच कळलं, आणि ते मान फिरवून आत गेले.

मग उरलेलं वाक्य वाचलं आणि हसायला लागले. हलकट! हजार गोष्टी विचारता आल्या असत्या. बरोबर तेच विचारलंस जे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. क्लबाच्या फॉर्मवर मी अडुसष्ट लिहिलं होतं. ती तपासणीवाली फॉर्म वाचून माझ्याकडे नुसती बघत राहिली होती.

आधी इथे बाहत्तर लिहिलं होतं, वर खोडलेलं दिसतंय बघ. मग पंच्याहत्तर लिहिलं, तेही खोडलं. मग औषधांच्या दुकानात गेले, त्यांच्या काट्यावर उभी राहिले, बूट घालून, हेल्मेट हातात घेऊन, लोक बघत होते. दोनदा उभी राहिले. डोळे उघडे ठेवून.

त्र्याऐंशी.

आता काप.

— ताई